पुढचा पुकारा

आरोपीला निर्दोष सोडल्याचं साहेबांनी वाचून दाखवलं की कोर्टात आधी बाकं करकरतात, मग कुजबुज सुरू होते. कुणीतरी हात जोडून डायसकडे यायला लागतं, पट्टेवाला त्याला मागे सारतो. फिर्यादीकडची माणसं मात्र तशीच बसून राहतात. उठून जायचं की अजून काही बाकी आहे, हे त्यांना कळत नाही. तोवर पुढची फाइल वर ठेवलेली असते, व्हरांड्यात पुढच्या प्रकरणाचा पुकारा झालेला असतो आणि मी वहीचं पान उलटलेलं असतं. बत्तीस वर्षं मी स्टेनो होते. अशी किती पानं उलटली, मोजलेलं नाही.

एक पान राहिलं आहे डोक्यात. एका बाईच्या नवऱ्याच्या खुनाचा खटला होता. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि आरोपी सुटला. कायद्याने दुसरं काही होऊ शकत नव्हतं. साहेबांचाही इलाज नव्हता, समोर पुरावाच उरला नव्हता. कोर्ट उठल्यावर ती बाई माझ्या टेबलापाशी आली. तिथे बाईमाणूस मी एकटीच होते, म्हणून आली असेल. "ताई, म्हणजे त्यांना कुणीच मारलं नाही का?" तिने विचारलं. मी तिला सांगितलं की अपील करता येतं, वकिलांना भेटा. ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर एकोणतीस प्रकरणं होती.

गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला, तीन महिने राहिले तेव्हा या बाईची फार आठवण झाली. मुलीने एका रविवारी गावातला जुना चौक दाखवायला नेलं. ब्रॉड स्ट्रीट आणि मीटिंग स्ट्रीट मिळतात तो कोपरा. तिथे केंद्र सरकारचं कोर्ट आहे. "आई, तुझ्या खात्याचं," ती म्हणाली. कोर्टाला नाव आहे जे. वेटीज वेअरिंग यांचं. कोण हे, म्हणून वाचायला लागले, ते परत येईपर्यंत वाचतच राहिले. निकालाच्या दिवशी संपलेलं प्रकरण या माणसाने घरी नेलं होतं आणि मग उरलेलं सगळं आयुष्य ते काही संपलं नाही.

चार्ल्सटनबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गुलामगिरी टिकवण्यासाठी डिसेंबर १८६० मध्ये अमेरिकेतून सर्वांत आधी फुटून निघालं ते साउथ कॅरोलिना राज्य. एप्रिल १८६१ मध्ये यादवीची पहिली तोफ डागली गेली ती चार्ल्सटनच्या बंदरात, सम्टर किल्ल्यावर. ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला जुन्या घराण्यांची घरं आहेत. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबच लांब व्हरांडा आतल्या बागेकडे. रस्त्यावरून चालणाऱ्याला घरातलं काही दिसू नये आणि व्हरांड्यात बसणाऱ्याला मात्र शेजारच्याचं सगळं दिसावं, अशी मला ती रचना वाटली. ज्युलियस वेटीज वेअरिंग २७ जुलै १८८० रोजी याच गावात जन्मले. घराण्याची चार्ल्सटनमधली ही आठवी पिढी. वडील यादवीत दक्षिणेच्या बाजूने लढलेले. गावातल्याच कॉलेजात शिक्षण, १९०२ मध्ये वकिलीची सनद, काही वर्षं सहायक सरकारी वकील, पुढे नगरपालिकेचे वकील. १९३८ मध्ये 'कॉटन एड' स्मिथ नावाच्या सिनेटरच्या निवडणुकीत यांनी काम केलं. कृष्णवर्णीयांना जागेवर ठेवणं हाच त्या सिनेटरचा कार्यक्रम होता. वेअरिंग यांना त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. हे दडवण्यात अर्थ नाही. माझ्या लेखी तर या माणसाचं मोठेपण इथूनच सुरू होतं. ते आधीपासून वेगळे नव्हते. गावातल्या कुठल्याही प्रतिष्ठित गृहस्थासारखेच एक होते.

डिसेंबर १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांचं नाव सुचवलं आणि १९४२ च्या जानेवारीत, एकसष्टाव्या वर्षी, ते केंद्रीय जिल्हा न्यायाधीश झाले. आपल्याकडे जिल्हा न्यायाधीशांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते आणि स्वतःच्या गावात सहसा नेमणूक मिळत नाही. साहेब येतात, सरकारी बंगल्यात राहतात, कुणाच्या लग्नालासुद्धा विचार करून जातात, आणि ओळखी वाढायच्या आत सामान ट्रकवर चढतं. अमेरिकेत केंद्रीय न्यायाधीशाची नेमणूक तहहयात. बदली नाही, पगार कमी करता येत नाही, काढायचं तर संसदेत महाभियोगच चालवावा लागतो. पण हा न्यायाधीश त्याच गावचा असू शकतो. समोर उभा असलेला वकील त्याच्या शाळेतला, प्रतिवादी त्याच्या क्लबातला, आणि संध्याकाळी निकाल देऊन घरी जायचं ते त्याच गल्लीत. खुर्चीला संविधानाचं संरक्षण आहे. घराच्या ओट्याला नाही. वेअरिंग यांच्या पुढच्या दहा वर्षांत हा फरक मला सतत दिसत राहिला.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी शिक्षकांच्या पगाराची प्रकरणं चालवली. कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी पगार मिळायचा, तो समान करा, असं त्यांनी ठरवलं. कायदाच तसा होता, त्यांनी तो लावला. आपल्या कोर्टातली वेगवेगळी बाकं त्यांनी बंद केली आणि जॉन फ्लेमिंग या कृष्णवर्णीय माणसाला कोर्टात बेलिफ म्हणून नेमलं. गावाच्या भुवया उंचावल्या, पण अजून काही फाटलं नव्हतं. १९४५ मध्ये त्यांनी बत्तीस वर्षांच्या पत्नीपासून घटस्फोट घेतला आणि काही दिवसांतच उत्तरेकडच्या एलिझाबेथ यांच्याशी लग्न केलं. एलिझाबेथ यांचे आधी दोन घटस्फोट झालेले. साउथ कॅरोलिनात तेव्हा घटस्फोटाची सोयच नव्हती, त्यासाठी पहिल्या पत्नीला फ्लोरिडाला जावं लागलं. तिचं काय झालं असेल, हा विचार मला सोडवत नाही. न्यायासाठी पुढे इतकं सोसलेल्या माणसाच्या घरातही एक माणूस दुखावलं गेलं होतं. पुढे गावाने वेअरिंग यांच्या प्रत्येक निकालाचं कारण याच लग्नात शोधलं: साहेबांना क्लबाने टाकलं म्हणून ते सूड उगवताहेत. मला ते पटत नाही. पगाराचे निकाल लग्नाच्या आधीपासून सुरू झालेले होते. आणि सूड उगवणाऱ्या माणसाला स्वतःची लाज वाटत नाही. यांना वाटली.

ती ज्या प्रकरणात वाटली ते असं.

१२ फेब्रुवारी १९४६. आयझॅक वुडर्ड, वय सव्वीस, सैन्यातला सार्जंट. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये नोकरी करून आलेला, त्याच दिवशी जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनमधून सन्मानाने मुक्त झालेला. अंगावर गणवेश तसाच. बसने बायकोकडे, विन्सबरोला निघालेला. वाटेत लघवीला उतरायचं होतं, त्यावरून ड्रायव्हर खेकसला. मी माणूस आहे, माणसाशी बोलतात तसं बोल, अशा अर्थाचं वुडर्डने त्याला ऐकवलं. तिथे वाद थांबला. पण बेट्सबर्ग नावाच्या गावी ड्रायव्हरने बस थांबवून पोलिसांना बोलावलं. गावचा पोलीस प्रमुख लिनवुड शल याने त्याला खाली उतरवून नेलं आणि काठीने मारलं. ती काठी डोळ्यांत खुपसली गेली. दोन्ही बुबुळं फुटली. रात्र कोठडीत गेली. सकाळ झाली तेव्हा वुडर्डला ती दिसली नाही. त्या अवस्थेत त्याला गावच्या कोर्टापुढे नेऊन दंगा केल्याबद्दल दंड ठोठावला.

तीन वर्षांहून जास्त काळ गणवेशात काढलेला माणूस आणि गणवेश उतरवायच्या दिवशीच आंधळा. बातमी देशभर व्हायला उन्हाळा उजाडला. नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी रेडिओवरून आठवड्यामागून आठवडे हे प्रकरण लावून धरलं. सप्टेंबरमध्ये कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेटून हे सांगितलं, तेव्हा ट्रुमन हादरले. मग केंद्र सरकारने शलवर खटला भरला आणि तो चालवायला राज्याची राजधानी कोलंबिया इथे वेअरिंग बसले. तारीख ५ नोव्हेंबर १९४६.

मी स्टेनोच्या टेबलावरून तो दिवस डोळ्यांसमोर आणायचा खूप प्रयत्न केला. एका दिवसात संपलेला खटला. साक्षीदार मोजके. ज्यांनी बसमध्ये पाहिलं त्यांना नीट शोधलंही नव्हतं. ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक, सगळी गोरी. आपल्याकडची ज्युरीची पद्धत केव्हाच गेली, मी ती पाहिलेली नाही, पण सरकारी वकिलाचा हात कधी सैल पडतो ते मला अंतर ठेवूनही ओळखू येतं. इथे तर सरकारी वकिलाने ज्युरीला सांगितलं की तुम्ही द्याल त्या निकालावर सरकार समाधानी असेल. बचावाच्या वकिलाने असंही म्हटलं की शलला सोडणं म्हणजे केंद्राच्या विरोधात जाणं असेल, तर साउथ कॅरोलिना पुन्हा एकदा फुटून निघू दे. वुडर्डने पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. ऐकणाऱ्यांमध्ये एलिझाबेथ वेअरिंग होत्या.

ज्युरी खोलीत गेली. ती पाच मिनिटांत बाहेर येईल हे कोर्टातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तेव्हा न्यायाधीश उठले आणि म्हणाले, मी फिरून येतो. सरकारी वकील गडबडला. आता कसे जाता, ते लगेच येतील! वेअरिंग यांचं उत्तर असं की मी नाही तोवर त्यांना येता येणार नाही. आणि ते खरोखर वीस मिनिटं रस्त्यावर चालत राहिले. आरोपीला सोडण्यापूर्वी निदान इतका वेळ विचार झाला असं कागदावर तरी दिसावं, एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. ते परतले. ज्युरी गेल्यापासून अठ्ठावीस मिनिटांनी निकाल नोंदला गेला: निर्दोष.

मी ही वीस मिनिटं पुन्हा पुन्हा वाचली. रोजनाम्यात त्यांची नोंद काय झाली असेल? 'न्यायालय काही वेळ तहकूब.' आमच्या रोजनाम्यात अशी ओळ मी शेकडो वेळा लिहिली आहे. तिच्या मागे कुणी एक माणूस नोव्हेंबरच्या थंडीत, आपल्याच कोर्टात चाललेल्या अन्यायाला आपण थांबवू शकत नाही हे कळून, पायाखालचा रस्ता तुडवत असेल असं मनात कधी आलं नाही.

एलिझाबेथ रडत हॉटेलवर परतल्या होत्या. त्या रात्रीपासून त्या घरात वाचन सुरू झालं. एका स्वीडिश अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या वंशप्रश्नावर केलेला जाडजूड अभ्यास त्यांनी आणला आणि तसलंच बाकीही. संध्याकाळी एलिझाबेथ वाचून दाखवायच्या, नवरा ऐकायचा.  सहासष्ट वर्षांचा गृहस्थ आपल्याच गावाबद्दल, आपल्याच घरातल्या नोकरांबद्दल पहिल्यांदा ऐकत होता. कधी ते सहन न होऊन दोघं गाडी काढून रानात फिरून यायची आणि परत येऊन पुढचं पान वाचायची. माझे साहेब लोक निवृत्त झाले की बागेत रमायचे. या वयात माणसाचा स्वभाव बदलत नाही असं मीही धरून चालले होते.

पुढच्याच वर्षी मतदानाचं प्रकरण आलं. साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी म्हणजेच निवडून येणं, इतका त्या पक्षाचा जोर. उमेदवार ठरवायच्या प्राथमिक निवडणुकीत मात्र फक्त गोऱ्यांना मत. सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये टेक्सासमधली अशी पद्धत बेकायदा ठरवली, तेव्हा साउथ कॅरोलिनाने खास अधिवेशन बोलावून प्राथमिक निवडणुकीचा उल्लेख असलेले सुमारे दीडशे कायदे एका झटक्यात रद्द केले. युक्ती अशी की आता पक्ष म्हणजे खासगी क्लब, त्याने कुणाला आत घ्यावं हा त्याचा प्रश्न. कोलंबियातले छोटे दुकानदार जॉर्ज एल्मोर यांनी दावा लावला. त्यांच्या बाजूने उभे राहिले थरगूड मार्शल, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. १२ जुलै १९४७ च्या निकालात वेअरिंग यांनी लिहिलं, "साउथ कॅरोलिनाने पुन्हा संघराज्यात यायची वेळ झाली आहे." आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याच कोर्टात बचावाचा वकील फुटून निघायची भाषा बोलला होता. हे वाक्य लिहिताना तो वकील त्यांच्या कानात असणार, असं मला अगदी खात्रीने वाटतं.

पक्षाने तरी वाट सोडली नाही. मत द्यायचं तर वर्णभेदाला पाठिंबा असल्याची शपथ घ्या, असा नियम काढला. १९४८ मध्ये वेअरिंग यांनी तोही मोडला आणि बजावलं की या वेळी हुकूम पाळला नाही तर अवमानाबद्दल तुरुंगात घालीन, दंडावर भागवणार नाही. १० ऑगस्ट १९४८ रोजी तीस हजारांहून जास्त कृष्णवर्णीयांनी मत दिलं.

मग गाव उलटलं. न्यायाधीशांच्या घरचं बोलावणं लोकांनी घेणं सोडलं आणि त्यांना बोलावणंही. लहानपणापासूनचे मित्र रस्त्यात दिसले की दुसऱ्या फुटपाथवर जायचे. सख्खा पुतण्या टॉम वेअरिंग गावच्या वर्तमानपत्रात होता आणि पुढे त्याचा संपादक म्हणून वर्णभेदाची बाजू लढवत राहिला. ६१, मीटिंग स्ट्रीट या घरात आता येत-जात होती ती सेप्टिमा क्लार्क यांच्यासारखी माणसं. सेप्टिमाबाई कृष्णवर्णीय शाळामास्तरीण, पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत फार मोठं काम केलेल्या. त्या पुढच्या दाराने चहाला यायच्या, हेच गावाला झोंबायचं. मागच्या दाराने भांडी घासायला आल्या असत्या तर कुणी पाहिलंही नसतं. जानेवारी १९५० मध्ये सेप्टिमाबाईंच्या पुढाकाराने एलिझाबेथ यांचं एका सभेत भाषण झालं. दक्षिणेतले गोरे लोक आजारी, गोंधळलेले आणि अधोगतीला लागलेले आहेत, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. इतका कडक शब्द वापरायला नको होता असं मला वाटतं. त्यातून एकही मन वळलं नसेल. पण ज्या बाईने त्या खटल्यात वुडर्डचे डोळे पाहिले तिच्याकडून मऊ शब्दांची अपेक्षा तरी कशी करायची? राज्याच्या विधिमंडळात न्यायाधीशांवर महाभियोग आणायचे ठराव झाले. या दोघांना राज्याबाहेरचं फक्त जायचं तिकीट काढून देण्यासाठी पैसे मंजूर करायचा ठरावही आला. घरासमोर क्रॉस जाळला गेला, तिकडची ती गोऱ्या दहशतवाद्यांची धमकी. ९ ऑक्टोबर १९५० च्या रात्री नवरा-बायको घरात पत्ते खेळत बसले असताना खिडकीतून काँक्रीटचे तुकडे येऊन पडले. त्यानंतर घराभोवती पहारा बसला.

माझ्या नोकरीत एका साहेबांना धमकीचं पत्र आलेलं मी पाहिलं आहे. ते त्यांनी मला फाइलला लावायला दिलं आणि डिक्टेशन जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. शब्दही अडखळला नाही. पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, हे मला आणि पट्टेवाल्याला माहीत होतं.

आता शाळांचं प्रकरण. राज्यातल्या क्लॅरेंडन काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, गोऱ्या मुलांसाठी तीस बस होत्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. लहान लहान मुलं मैलोन्मैल चालत जायची. १९४९-५० मध्ये गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च व्हायचे, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. जोसेफ डीलेन या पाद्र्यांनी पालकांना एकत्र केलं. आधी नुसती बस मागितली होती. ते तांत्रिक मुद्द्यावर फेटाळलं गेलं. मग सगळ्या सोयी समान द्या अशी मागणी झाली आणि पालकांच्या यादीत पहिलं नाव होतं हॅरी ब्रिग्ज यांचं. ते पेट्रोल पंपावर कामाला, नौदलातून आलेले. त्यांच्या नावावरून खटला ओळखला जातो: ब्रिग्ज विरुद्ध इलियट.

नोव्हेंबर १९५० मध्ये प्राथमिक सुनावणीच्या वेळी वेअरिंग यांनी मार्शल यांना सुचवलं की समान सोयींचा दावा घेऊन येऊ नका, वेगळं ठेवण्यालाच आव्हान द्या. राज्याच्या कायद्यालाच आव्हान दिलं तर तीन न्यायाधीशांचं पीठ बसतं, आणि तिथून अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जातं. मार्शल यांनी दावा मागे घेऊन नव्याने घातला. हे वाचताना मी थबकले. न्यायाधीशाने वकिलाला दावा कसा घालावा ते सांगायचं? आमच्याकडे असं झालं असतं तर समोरच्या वकिलाने आकाशपाताळ एक केलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. वेअरिंग यांच्यावर माझं मन बसलेलं असूनही हे मला खटकतं आणि त्याला मी वळसा घालणार नाही. फक्त एवढं दिसतं की त्यांनी हे करताना स्वतःचा पराभव ओढवून घेतला. एकट्यापुढे प्रकरण चाललं असतं तर निकाल त्यांच्या हातात होता. तिघांत ते एकटे पडणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. सोबतचे जॉन पार्कर आणि जॉर्ज बेल टिमरमन काय म्हणतील, ते आधीच लिहून ठेवता आलं असतं.

२८ आणि २९ मे १९५१, मी पाहिलेल्या त्या कोपऱ्यावरच्या कोर्टात सुनावणी झाली. पहाटेपासून जिने भरलेले. क्लॅरेंडनहून लोक मिळेल त्या गाडीने आले होते. राज्याच्या वकिलाने उभं राहताच कबूल करून टाकलं की शाळा समान नाहीत, आम्ही सुधारू. म्हणजे पुढचा पुरावा बोलायलाच नको, अशी चाल. मग मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी आपल्या बाहुल्यांबद्दल साक्ष दिली. एक गोरी बाहुली, एक सावळी, बाकी सगळं सारखं. क्लॅरेंडनमधल्या सोळा कृष्णवर्णीय मुलांपैकी दहांनी गोरी बाहुली छान म्हटली. अकरांनी सावळी वाईट दिसते असं सांगितलं.

मी शाळेत होते साताऱ्याला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्याच शाळेत भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं, आणि तो घरून आणलेल्या गोणपाटावर इतर मुलांपासून वेगळा बसायचा, हे आम्हाला गावात राहून ठाऊक होतं. जुलै १९४६ मध्ये, वुडर्डच्या डोळ्यांची बातमी अमेरिकेत पसरत होती त्याच दिवसांत, डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र पाठवलं होतं. अस्पृश्यांची आणि तुमची स्थिती किती सारखी आहे, असं त्यात होतं, आणि संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. बाहुल्यांची साक्ष वाचताना मला ते गोणपाट दिसत राहिलं.

जूनमध्ये निकाल लागला. दोघांनी म्हटलं, शाळा वेगळ्या ठेवायला हरकत नाही, सोयी समान करा. वेअरिंग यांनी वीस पानांचं आपलं वेगळं निकालपत्र जोडलं. त्यात शेवटाकडे एक वाक्य येतं: वेगळं ठेवणं हीच मुळात असमानता आहे. आणि हेही की वेगळं ठेवणं चुकीचं असेल तर ते थांबवायची जागा पहिलीच्या वर्गात आहे, पदव्युत्तर महाविद्यालयात नाही.

वेगळं निकालपत्र कसं असतं ते मी टंकलं आहे, एकदाच. त्याचा काही उपयोग नसतो, लगेच तर नाहीच. हुकूम बहुमताचा. अंमलबजावणी बहुमताची. नक्कल मागायलाही लोक येतात ती मुख्य निकालाची. वेगळ्या मताची पानं फाइलला मागे शिवलेली राहतात आणि लिहिणाऱ्याला ते लिहितानाच माहीत असतं. तरी वेअरिंग यांनी वीस पानं लिहिली. मला वाटतं ती कोलंबियातल्या त्या वीस मिनिटांना पुरी पडावीत म्हणून लिहिली. त्या दिवशी ते फक्त चालू शकले होते.

१५ फेब्रुवारी १९५२ रोजी ते निवृत्त झाले. वय सत्तरीपुढचं आणि सेवेची दहा वर्षं पूर्ण, म्हणजे पूर्ण पगार चालू. दोघं न्यूयॉर्कला राहायला गेली. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या चार खटल्यांचा एकत्र निकाल दिला. त्यांतला एक क्लॅरेंडनचा. वेगळ्या शैक्षणिक सोयी मुळातच असमान आहेत, असं नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने म्हटलं.

इथे थांबणं सोपं आहे, पण ज्यांनी दावे लावले त्यांना पूर्ण पगाराची निवृत्ती नव्हती. हॅरी ब्रिग्ज यांची पंपावरची नोकरी गेली. बायको एलायझा मोटेलात काम करायच्या, तीही गेली. शेवटी ब्रिग्ज यांना पोटासाठी फ्लोरिडाला जावं लागलं. जॉर्ज एल्मोर यांचा धंदा बुडाला. डीलेन यांचं घर जळालं, १९५५ मध्ये चर्च जाळलं, घरावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांनी उलट गोळी झाडली म्हणून त्यांच्यावरच वॉरंट निघालं. ते उत्तरेकडे पळाले. ते आरोप मागे घेतले गेले २००० साली, ते वारल्यानंतर कितीतरी वर्षांनी. वुडर्ड न्यूयॉर्कमध्ये राहिला आणि १९९२ मध्ये वारला, शेवटपर्यंत अंधारात. ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी सैन्यातला वर्णभेद संपवायचा हुकूम काढला, त्यामागे त्याचे डोळे होते. शल मात्र कधीच तुरुंगात गेला नाही. वेअरिंग यांच्याबद्दल लिहिताना मला ही नावं लिहायची होती, कारण त्यांच्या धैर्याला खुर्चीचा आधार होता. या माणसांकडे टेकायला भिंतसुद्धा नव्हती.

११ जानेवारी १९६८ रोजी वेअरिंग न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांना चार्ल्सटनला आणून मॅग्नोलिया स्मशानभूमीत पुरलं. सुमारे दोनशे कृष्णवर्णीय माणसं आली होती. गोरी माणसं डझनभरसुद्धा नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एलिझाबेथही गेल्या.

कोर्टाच्या इमारतीला आधी माजी सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज यांचं नाव होतं. हॉलिंग्ज यांनी हयात असताना स्वतःच म्हटलं की माझं नाव काढा आणि वेअरिंग यांचं लावा. २०१५ मध्ये ते लागलं. स्वतःचं नाव पुसून घेणारा माणूसही मला फार आवडला.

परतायच्या आदल्या दिवशी मी मुलीला सांगितलं, मला त्या घरापासून कोर्टापर्यंत चालायचं आहे. ६१, मीटिंग स्ट्रीट. घर रस्त्याला लागून आहे. खिडक्यांच्या काचा खालून हाताला लागतील इतक्या जवळ. तिथून कोर्टाचा कोपरा जेमतेम पाच मिनिटं. मी सावकाश चालले, माझे गुडघे दुखतात. सकाळचे साडेनऊ झाले होते. एक आजोबा कुत्रं घेऊन समोरून आले आणि 'गुड मॉर्निंग' म्हणाले. एक बाई आपल्या पायऱ्या झाडत होती, ती हसली. पाच मिनिटांत चौघांनी मला, परक्या बाईला, नमस्कार केला. याच रस्त्यावरून तो माणूस काही वर्षं रोज गेला होता, त्याच्या जन्मापासून त्याला ओळखणाऱ्या घरांसमोरून, आणि कुणी मान वर केली नव्हती.

कोर्टाच्या दारात पहारेकऱ्याने विचारलं, काही काम आहे का? मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग त्यांना, मी कोर्टातली आहे, स्टेनो होते. त्याने हात कपाळाला लावला आणि म्हणाला, या ना मग.